मुक्काम आणि मुस्तकीम

गेल्या रजबमध्ये आम्ही घरी अरबी शिकायला सुरुवात केली. आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि शेजारच्या दोन भगिनी. मोहल्ल्याच्या मशिदीतले तरुण मौलाना दर रविवारी असरनंतर येतात, सतरंजीवर बसतात, चहाला नको म्हणतात आणि दोन कप घेतात. खिडकीजवळच्या पलंगावर आमच्या अम्मी असतात. वय अठ्ठ्याहत्तर, हातात तसबीह. त्या वर्गात नाहीत, पण खोलीत आहेत. ही गोष्ट थोडी त्यांचीही आहे.

शिकायचे ठरले ते मुलीच्या एका प्रश्नामुळे. नमाज झाल्यावर जानमाज घडी करताना तिने विचारले, “अब्बू, सूरह फातिहामध्ये आपण अल्लाहविषयी बोलतो की अल्लाहशी बोलतो?” आम्ही म्हटले, अल्लाहशी. ती म्हणाली, “मग सुरुवातीला ‘तो’ का आहे?” उत्तर आम्हाला आले नाही. फर्ज रकअतच दिवसाला सतरा होतात. सुन्नत आणि वित्र वेगळ्या. चाळीस वर्षांत ही सूरह तोंडावरून आणि कानावरून किती वेळा गेली असेल याचा हिशेब करायलाही आम्हाला लाज वाटली. भाषांतर वाचलेले होते. भाषांतरातही ‘तो’ होता आणि नंतर ‘तू’ होता. आमच्या डोळ्यांना तो बदल कधी दिसलाच नव्हता.

पहिल्या रविवारी मौलानांनी व्याकरणाचे पुस्तक उघडलेच नाही. त्यांनी फळ्यावर सहा शब्द लिहिले: मुक्काम, कायम, किंमत, कौम, इकामत, कयामत. म्हणाले, “यातले मराठी किती आणि अरबी किती?” मुलगी म्हणाली, पहिले तीन मराठी. शेजारच्या भगिनी म्हणाल्या, शेवटचे दोन अरबी. कौमवर वाद झाला. मौलाना हसले आणि त्यांनी सहाही शब्दांखाली एकच रेघ ओढली. हे सगळे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. अरबीत बहुतेक शब्दांच्या पोटात तीन मूळ अक्षरे असतात. इथे ती आहेत काफ, वाव आणि मीम, आणि त्यांचा गाभा म्हणजे उभे राहणे. जिथे थांबून उभे राहतो तो मुक्काम. जे उभेच राहते ते कायम. वस्तूच्या बदल्यात जे उभे राहते ती किंमत. जमाअत उभी राहण्याआधी पुकारली जाते ती इकामत. आणि ज्या दिवशी सर्वांना उभे राहावे लागेल ती कयामत.

मग त्यांनी सातवा शब्द लिहिला: मुस्तकीम. सिरातुल मुस्तकीम आपण लहानपणापासून ‘सरळ मार्ग’ म्हणून शिकलो. अर्थ बरोबरच आहे. पण त्या शब्दाच्या आतही तेच ‘उभे राहणे’ आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आपण मागतो ती नुसती न वळणारी वाट नाही, तीत ताठ, डगमगणार नाही असे काहीतरी आहे. आयतुल कुर्सीतला ‘कय्यूम’ही याच मुळाचा. आणि कुरआनात नमाजचा हुकूम येतो तेव्हा बहुतेक वेळा क्रियापद ‘वाचा’ असे नसते, ते ‘कायम करा’ असे असते. आपण मात्र ‘नमाज पढली का?’ असेच विचारतो. बोलीत ते चालते. पण शब्दाच्या मुळापाशी गेल्यावर दोन्हींतले अंतर जाणवल्याशिवाय राहत नाही.

मराठी माणसाला अरबी परकी वाटते. आमचा अनुभव असा की अर्धी अरबी आपल्या घरात, बाजारात आणि तहसील कचेरीत आधीच येऊन बसलेली आहे. वर्तमानपत्रातला ‘मजकूर’ आणि मशिदीतला ‘जिक्र’ ही सख्खी भावंडे आहेत: ज्याचा जिक्र झाला तो मजकूर. पैलवानांची ‘तालीम’ आणि मदरशाची तालीम एकच, तीच ‘मालूम’मध्ये आहे आणि ‘आलिम’मध्येही. जमाखर्चातला ‘जमा’, शुक्रवारचा जुमा, जमाअत आणि जामा मशीद हे एकाच कुटुंबातले. घरातल्या बायका भाजी निवडताना असे शब्द शोधू लागल्या. मुलगी शाळेतून रोज दोन-तीन आणू लागली.

अर्थात यात फसगतही आहे. ‘वसूल’ आणि ‘महसूल’ एकाच मुळाचे असणार, असे आम्ही मोठ्या ऐटीत सांगितले. ते वेगळे निघाले. पहिल्याच्या मुळाशी पोहोचणे आहे, दुसऱ्याच्या मुळाशी हाती येणे. ‘गरीब’ तर त्याहून फसवा. मराठीत गरीब म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी. इस्लामची सुरुवात ‘गरीब’ अवस्थेत झाली या अर्थाची एक प्रसिद्ध हदीस आहे. ती आम्ही कित्येक वर्षे दारिद्र्याविषयी समजत होतो. तिथे गोष्ट परकेपणाची आहे. मक्केत आपल्याच माणसांत परके होण्याची. ओळखीचा शब्द भेटला की आपण चौकशी करत नाही, हा त्यातला धोका.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. सूरह फातिहाच्या सुरुवातीच्या आयतींत अल्लाहची स्तुती आहे, त्याची दया, त्याची न्यायाच्या दिवसाची मालकी, आणि ती ‘तो’ म्हणून आहे. मग एकाएकी वाक्य वळते आणि समोर ‘तू’ येतो. अरबी साहित्यशास्त्रात याला इल्तिफात म्हणतात, म्हणजे मान वळवणे. मौलाना म्हणाले, दारापासून आत येईपर्यंत माणूस मालकाविषयी बोलतो, समोर आल्यावर मालकाशी बोलतो. जिथे ते वळण येते तिथे आणखी एक गोष्ट होते. साध्या अरबी वाक्यात क्रियापद आधी आणि ‘तुझी’ नंतर येते, क्रियापदाच्या शेपटीला जोडून. इथे ‘तुझी’ हा शब्द उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवला आहे: इय्याक. त्यामुळे अर्थ ‘तुझी भक्ती करतो’ एवढाच न राहता ‘तुझीच’ असा होतो. आपल्या मराठीत हे काम एक छोटासा ‘च’ करतो. अरबीने इथे ते नुसती जागा बदलून केले आहे.

आणि क्रियापद आहे ‘आम्ही’चे. रात्री तीन वाजता तहज्जुदला एकटा उभा असलेला माणूसही ‘मी’ म्हणत नाही. मराठीत हे सांगताना एक गंमत झाली. अरबीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना वेगळे शब्द नाहीत, मराठीत आहेत. तेव्हा मराठीत ‘आम्ही’च म्हणावे लागते, कारण ज्याच्याशी बोलतो आहोत त्याला त्या ‘आम्ही’त धरता येत नाही. मौलानांनाही हा मुद्दा नवा होता. त्यांनी वहीत लिहून घेतला आणि आम्हाला उगाच फार शिकल्यासारखे वाटले.

इथे आमच्या हातून जी चूक झाली ती सांगायला हवी.

तिसऱ्या महिन्यात, चार धडे आणि दोनशे शब्द पाठ झाल्यावर, आम्हाला आपले मागचे सगळे पठण पोकळ वाटू लागले. आपले वाटले असते तर ठीक होते, आम्हाला दुसऱ्यांचेही वाटू लागले. एका सकाळी अम्मी सूरह यासीन पढत होत्या. रोजच्यासारख्या, हळू आवाजात, झुलत. आम्ही म्हणालो, “अम्मी, अर्थच कळत नसेल तर नुसते वाचून काय उपयोग?” त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत. आयत पूर्ण केली, खूण ठेवली, कुरआन मजीद जुजदानात गुंडाळून ठेवले. त्यानंतर तीन-चार दिवस त्यांचा आवाज ऐकू आला नाही. आम्ही कामावर गेलो की त्या पढत होत्या, हे पत्नीने नंतर सांगितले.

आम्ही माफी मागितली नाही. खरे म्हणजे आपण चुकलो असे तेव्हा वाटलेच नव्हते.

पुढच्या रविवारी धडा सूरह शुअरामधल्या ह. इब्राहीम (अ.) यांच्या प्रार्थनेचा होता. ज्या दिवशी धन कामी येणार नाही, संतती कामी येणार नाही, त्या दिवशी तरेल तो निर्मळ हृदय घेऊन येणारा, असा त्या जागेचा आशय आहे. आम्ही मोठ्याने वाचले, मुळे शोधली, विभक्ती सांगितल्या. मौलाना काही बोलणार तेवढ्यात पलंगावरून आवाज आला: “बडे काफ से पढ, बेटा.”

आम्ही ‘कल्ब’ हा शब्द छोट्या काफने वाचला होता. घशातून निघणाऱ्या बड्या काफने त्याचा अर्थ हृदय. छोट्या काफने तोच शब्द म्हटला की अर्थ होतो कुत्रा. व्याकरण आमचे सगळे बरोबर होते. अम्मींना हा दुसरा अर्थ माहीत नव्हता. त्यांना एवढेच माहीत होते की तो शब्द असा नाही. लहानपणी बार्शीकडच्या गावात कुरआन शिकवणाऱ्या एक आपा होत्या. काफ चुकला की त्या पट्टी मारत. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या पट्टीने त्या दिवशी आम्हाला वाचवले.

देवनागरीत छापलेले अरबी वाचून कुरआन शिकू पाहणाऱ्या वाचकांनी हे नक्की ध्यानात ठेवावे. मराठीच्या एका ‘क’मध्ये अरबीचे दोन काफ विरघळतात. एका ‘स’मध्ये तीन अक्षरे जातात. एका ‘ज’मध्ये तर किती जातात ते मोजावे लागेल. देवनागरीची मदत घ्या, पण ती कुबडी आहे, पाय नाही. जबर, जेर, पेश यांचेही तसेच. मराठीत ‘अहमदने यूसुफला बोलावले’ यात ‘ने’ आणि ‘ला’ जे काम करतात ते अरबीत शब्दाच्या शेवटची एक छोटी खूण करते. अबुल अस्वद दुअली यांच्याविषयी एक रिवायत प्रसिद्ध आहे. त्यांनी कुणाला सूरह तौबामधली एक आयत वाचताना ऐकले. पेशच्या जागी त्याने जेर लावला. त्यामुळे जिथे अल्लाह आणि त्याचे प्रेषित दोघेही मुश्रिकांपासून मुक्त आहेत असे म्हटले आहे, तिथे अल्लाहने प्रेषितांचीच साथ सोडली असा भयंकर अर्थ झाला. अरबी व्याकरणाची घडी बसवण्याची गरज अशा प्रसंगांतून जाणवली, असे सांगतात. पुढे त्या व्याकरणाचा सर्वांत मोठा ग्रंथ, ‘अल-किताब’, लिहिला तो सीबवैह यांनी, आणि ते जन्माने अरब नव्हते, इराणी होते. आपल्याला यातून धीर घ्यायला हरकत नाही.

त्या रविवारनंतर अम्मींचा पलंग आम्ही सतरंजीच्या जवळ ओढला.

शैलीची गोडी खरी लागली ती सूरह मरयमपाशी. ह. जकरिया (अ.) म्हातारे झाले आहेत, मूल नाही, ते हळू आवाजात रबला हाक मारतात. हाडे थकल्याचे सांगतात आणि मग डोक्याविषयी बोलतात. केस पांढरे झाले, एवढेच सांगायचे आहे. पण ते म्हणतात ते असे की डोके पांढरेपणाने पेटले. क्रियापद आग भडकण्याचे आहे. अकराव्या शतकातले अब्दुल काहिर जुर्जानी यांनी ‘दलाइलुल इअजाज’ या ग्रंथात याच शब्दांपाशी थांबून विचारले आहे की सौंदर्य नेमके कशात आहे? पिकलेल्या केसांना आगीची उपमा दिली, यातच का? त्यांचे उत्तर: नुसत्या उपमेत नाही. पेटले काय, तर केसांचा पांढरेपणा नाही, डोके. ‘घरात आग पेटली’ म्हटले तर ती एखाद्या कोपऱ्यातही असू शकते. ‘घर आगीने पेटले’ म्हटले की काही उरले नाही. मराठीत हा फरक किती सहज कळतो पाहा! शब्द तेच, रचना बदलली, आणि म्हातारपण डोक्यावर सगळीकडे पसरले. जुर्जानींच्या मते कुरआनचे अद्वितीयत्व या रचनेत, नज्ममध्ये आहे. सुटा शब्द कुणाच्याही हाती लागू शकतो.

हे चालू असताना अम्मी पदर सारखा करत होत्या. त्यांचेही डोके आता असेच आहे.

इतर सूरहबद्दल थोडक्यात सांगतो. सूरह नासच्या सहाही आयती ‘स’ने संपतात, आणि विषय आहे कानात कुजबुजणाऱ्याचा. वसवसा हा शब्द स्वतःच कुजबुजतो. हे मुलांना सांगावे लागत नाही, त्यांना ऐकूच येते. सूरह रहमानमध्ये अठ्ठ्याहत्तर आयती आहेत, त्यांत एकच प्रश्न 31 वेळा येतो आणि तो ‘तुम्हा दोघांना’ विचारलेला आहे, माणसांना आणि जिन्नांना. अरबीत एकवचन आणि बहुवचनाच्या मध्ये दोघांसाठी वेगळे रूप असते. मुलगी शाळेत संस्कृत घेते, ती उडालीच: “द्विवचन!” मग तिला दोन बागा, दोन झरे, सगळीकडे दोनच दिसू लागले, आणि त्या दोनाच्या रूपाचा ‘आन’ हा आवाज सूरहभर घुमतो हेही तिनेच दाखवले. मराठीत द्विवचन उरलेले नाही. भाषांतरात ‘तुम्ही दोघे’ लिहिता येते, पण तो घुमणारा आवाज आणायचा कुठून?

सूरह जुहावर मात्र आम्ही तीन रविवार घालवले. अकरा छोट्या आयती. पार्श्वभूमी सर्वांना माहीत आहे: काही काळ वह्य थांबली होती आणि विरोधक टोमणे मारत होते की मुहम्मद (स.) यांना त्यांच्या रबने सोडले. त्यावर उत्तर येते. त्यात दोन क्रियापदे आहेत. पहिले निरोप देऊन सोडून जाण्याचे, दुसरे तिटकारा करण्याचे, आणि दोन्ही नाकारली आहेत. पहिल्या क्रियापदाला ‘तुला’ जोडलेले आहे. दुसऱ्याला नाही. म्हणजे सोडण्याच्या गोष्टीत ‘तुला’ आहे, तिटकाऱ्याच्या गोष्टीत तो शब्दच नाही. आयतीचे यमक जुळावे म्हणून, असे काहींनी म्हटले आहे. इजिप्तच्या विदुषी आयशा अब्दुर्रहमान यांना एवढ्याने समाधान वाटले नाही. ‘बिन्तुश्शाती’, म्हणजे किनाऱ्याची कन्या, या नावाने त्या लिहीत. 1962 मध्ये निघालेल्या त्यांच्या ‘अत्तफ्सीरुल बयानी’च्या पहिल्या भागाची सुरुवातच या सूरहने होते. त्यांचे म्हणणे असे: निरोप तर प्रियजनही एकमेकांना देतात, म्हणून तिथे ‘तुला’ म्हणायला हरकत नाही. पण तिटकारा हा शब्द इतका कडवट आहे की नाकारतानाही तो प्रेषितांच्या (स.) नावाला चिकटू दिला नाही.

खोलीत कुणी काही बोलले नाही. मग अम्मींनी विचारले, “म्हणजे नाही म्हणतानाही त्यांचे नाव घेतले नाही?” मौलाना म्हणाले, “जी अम्मी.” त्या म्हणाल्या, “तुझे अब्बा गेले तेव्हा मी हीच सूरह पढत होते. का, ते माहीत नव्हते. बरे वाटायचे.”

त्या रात्री आम्ही त्यांच्या पायाशी बसलो आणि ‘नुसते वाचून काय उपयोग’ या वाक्याची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “कोणते वाक्य?” त्यांना आठवत होते. त्यांनी ते आमच्या नावाला चिकटू दिले नाही.

पुष्कळ भगिनी पत्रांतून विचारतात की घरी सुरुवात कशी करावी. आमचे मत असे की आधी पाठ असलेल्या सूरह घ्याव्यात, कारण तिथे कान तयार असतो, फक्त अर्थाने आत यायचे असते. पुस्तक हवे असेल तर मदीनेच्या इस्लामी विद्यापीठात शिकवलेले डॉ. व्ही. अब्दुर्रहीम यांचे ‘दुरूसुल्लुगतिल अरबिय्या’ घ्या. हे गृहस्थ आपल्याकडच्याच तामिळनाडूतल्या वानियमबाडीचे. तीन भागांचे हे पुस्तक ‘हे घर, ही मशीद, हे दार’ इतक्या साध्या वाक्यांपासून निघते आणि अरब नसलेल्यांसाठीच लिहिलेले आहे. रोज पंधरा मिनिटे. उच्चारासाठी समोर माणूस हवाच, मोबाईलवर काफ सुधारत नाही. आखाती देशांत राहून आलेल्या भावाला किंवा जावयाला उस्ताद करू नका. आमच्या मेहुण्यांनी बारा वर्षे दम्माममध्ये काढली, बाजारात ते कुणालाही गुंडाळतील, पण बोलीत शब्दांच्या शेवटच्या जबर-जेर-पेश गळून गेलेल्या असतात, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात. आणि दोनशे शब्द आले म्हणून फतवे देऊ नका, वडीलधाऱ्यांना तर मुळीच नाही.

परवा अम्मी यासीन पढताना मध्येच थांबल्या. एका शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, “मुक्महून. हा तुमच्या त्या मुक्कामातलाच का?” आम्ही ‘हो’ म्हणणारच होतो, पण वसूल-महसूल आठवले. लुगत काढली. वेगळा निघाला. याची मुळे काफ, मीम आणि हे. पाण्यावर आणलेला उंट पाणी न पिता डोके वर उचलतो, त्या उचललेल्या मानेचा हा शब्द. त्या आयतीत गळ्यात हनुवटीपर्यंत जोखडे असल्यामुळे माना वरच राहिलेल्या माणसांचे चित्र आहे. अम्मींनी बोट तसेच ठेवून दोनदा तो शब्द उच्चारला, बड्या काफने. मग बोट पुढे सरकवले आणि म्हणाल्या, “आणि हा?”

तेवढ्यात मगरिबची अजान झाली.